बडी अम्माचा छज्जा

बुरख्यात कसली आलीय फॅशन, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या काळी पवनीच्या मणियार मोहल्ल्यात एक दिवस काढायला हवा होता. म्हणजे सत्याहत्तर सालच्या आसपास. मोहल्ला एवढासा, घरं बोटांवर मोजण्याइतकी. पण कुणाच्या बुरख्याला किती चुण्या, कुणाची जाळी बारीक, कुणाचं काळं धुऊन धुऊन करडं पडलंय, यावर तिथे जेवढा खल होई तेवढा तहसील कचेरीत जमिनीच्या दाव्यांवर होत नसेल. पुरुषांना सगळ्या बुरखेवाल्या सारख्याच दिसत. बायकांना मात्र घाटाच्या टोकावरून कळायचं, येतेय ती खैरून आहे की तिची जाऊ.

या मोहल्ल्यातले दोन बुरखे नाणावलेले होते आणि दोन्ही एकाच घरात होते. एक बिस्मिल्लाबीचा. तिला सगळे बडी अम्मा म्हणत. तिचा बुरखा जुन्या चालीचा, पांढरा, टोपीला जोडलेला, डोक्यापासून टाचेपर्यंत एकसंध. डोळ्यांपुढे जाळी, आणि ती जाळी तिने स्वतःच्या हाताने भरलेली. जवळून पाहिलं तर दोऱ्यात बारीक चांदण्या दिसत. धुतल्यावर त्याला भाताच्या पेजेची खळ आणि चिमूटभर नीळ. बडी अम्मा रस्त्याने निघाली की चुण्यांचा सळसळ आवाज व्हायचा आणि ओट्यावर बसलेली माणसं आपोआप पाय आखडून घ्यायची.

दुसरा बुरखा तिच्या सुनेचा, मैमुनाचा. मैमुना कामठीची. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा सोबत शिवणयंत्र घेऊन आली आणि अंगावर काळा, दोन भागांचा, नव्या कापाचा बुरखा. खाली कोटासारखा अंगाबरोबरचा झगा, वर खांद्यावरून उतरणारी टोपी, तोंडावर हवा तेव्हा टाकायचा, हवा तेव्हा मागे घ्यायचा नकाब. सगळं काळं. फक्त बाहीच्या तोंडाशी, आतल्या बाजूने, तिने लाल कापडाची बोटभर पट्टी लावलेली असे. बाहेरून ती कुणाला दिसत नसे. हात वर केला, बाही जराशी उलटली, तर क्षणभर चमकायची.

बडी अम्माच्या नजरेतून ती कशी सुटणार?

"ये पर्दा है या नुमाइश?" तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

मैमुना खाली मान घालून म्हणाली, "अम्मी, दिखता तो नहीं किसी को."

"फिर लगाया किस के लिए?"

का लावते, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. पण कुठलंही शिवण तिच्या हातून आतल्या लाल पट्टीशिवाय पुरं व्हायचं नाही. सासू तिला 'दुल्हन' म्हणून हाक मारायची आणि पाठीमागे 'फैशनवाली' म्हणायची. मैमुनाला दोन्ही ऐकू यायचं.

तिचा नवरा रऊफ याचं बाजारात बांगड्यांचं दुकान होतं. माणूस गरीब स्वभावाचा. आई आणि बायको यांच्यामध्ये उभं राहायची वेळ आली की त्याला दुकानातलं काहीतरी आठवायचं.

बडी अम्माबद्दल आणखी एक सांगायला हवं. मोहल्ल्यात तिचा दरारा होता तो नुसत्या वयाचा नव्हता, खानदानाचा होता. माहेर कुठलं, असं कुणी विचारलं तर ती 'बालाघाट की तरफ का' एवढंच म्हणायची, पण अशा सुरात की ऐकणाऱ्याला मोठी हवेली, दारात घोडा, आणि पिढ्यान्‌पिढ्या सूर्याने न पाहिलेल्या बायका दिसाव्यात. माहेरचं कुणी उरलेलं नव्हतं, त्यामुळे विचारायलाही कुणी नव्हतं. घरात ती अदबीची हिंदी बोलायची. मात्र रागाचा पारा चढला की तिच्या तोंडून अचानक अस्सल झाडीपट्टीची मराठी बाहेर पडायची, आणि मग घसरलेला पदर सावरावा तशी ती घाईघाईने हिंदीवर यायची. मैमुनाला याचं नवल वाटायचं, पण सासूला असले प्रश्न विचारायची तिची छाती नव्हती.

त्या वर्षी हजच्या यादीत रऊफचं आणि त्याच्या आईचं नाव निघालं. सासरे जिवंत होते तेव्हापासूनची ही आस. जाताना त्यांनी लेकाचा हात धरून एकच गोष्ट मागितली होती, आईला हज करून आण. बडी अम्माचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते आणि आता जिना चढताना तिला मध्ये थांबावं लागायचं. यंदा नाही तर बहुधा कधीच नाही, हे घरात सगळ्यांना कळत होतं, बोलत कुणी नव्हतं.

मोहल्ल्यात एकच हाजी, गफूरसाहेब. ते एके दुपारी सगळं समजावून सांगायला आले. ओट्यावर बसले, बडी अम्मा दाराच्या पडद्यामागे. जहाज कसं, पाणी कसं, कुठे काय म्हणायचं, सगळं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, इहराम, म्हणजे हजचा पेहराव, बांधला की पुरुषाने शिवलेलं कापड घालायचं नाही आणि बाईने तोंडाला कापड लागू द्यायचं नाही. अंग, केस सगळं झाकलेलं, पण चेहऱ्याला कापडाचा स्पर्श नको.

पडद्यामागून मग आवाज आला, "मतलब? मुँह खुला?"

"खुला ही समझो, बडी अम्मा."

"परदेसी मर्दों के सामने?"

गफूरसाहेब गडबडले. म्हणाले, काही बायका कपाळावर छज्ज्यासारखं काहीतरी बांधतात म्हणे आणि त्यावरून कापड सोडतात. म्हणजे पडदाही राहतो आणि चेहऱ्याला लागतही नाही. कसं बांधतात, हे रऊफने विचारलं तेव्हा ते चिडले. "मियाँ, मैं वहाँ अल्लाह को याद करने गया था, औरतों की टोपियाँ देखने नहीं!"

हाजीसाहेब चहा पिऊन गेले आणि बडी अम्माने जाहीर केलं की ती हजला जाणार नाही.

रऊफने विनवलं. शेजारणींनी समजावलं. खैरून म्हणाली, अल्लाच्या घरी कसली लाज, तिथे तर सगळ्याच तशा. बडी अम्माचं एकच म्हणणं, चाळीस वर्षं परक्या माणसाने माझं नख पाहिलं नाही, आता म्हातारपणी हजारोंच्या गर्दीत मी उघड्या तोंडाने फिरणार नाही. नवऱ्याची आठवण काढली तेव्हा तिचे डोळे भरले, पण मान हलली नाही. हट्टी बायका मैमुनाने पुष्कळ पाहिल्या होत्या, तीही त्यातलीच होती. पण हा हट्ट तिला वेगळा वाटला. सासूच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती होती. एवढी जबरदस्त बाई कशाला घाबरली असेल, हे मैमुनाला कळेना.

दुसऱ्या दिवशी ती सासूसमोर जाऊन उभी राहिली. "अम्मी, वो छज्जा मैं बनाऊँ?"

बडी अम्माने तिला खालून वर न्याहाळलं. "तू?" त्या एका शब्दात कामठीपासूनचा सगळा इतिहास होता. पण नाही म्हणाली नाही.

मैमुनाने मोडक्या छत्रीच्या तारा काढल्या, त्या वाकवून कपाळावर कमान केली, वरून पांढरी मलमल सोडली. घरात झकास दिसलं. वैनगंगेच्या घाटावर नेऊन पाहिलं, तर नदीवरच्या पहिल्याच वाऱ्याने मलमल उलटी फिरून बडी अम्माच्या तोंडावर ओल्या फडक्यासारखी चिकटली. "लो," ती कापडाआडून म्हणाली, "हो गया हज." मग मैमुनाने जाड पुठ्ठा कापून लावला. तो बाहेरच्या दमट हवेने आठवड्यात मऊ पडला आणि म्हशीच्या कानासारखा लोंबायला लागला. बडी अम्मा काही बोलली नाही, पण तिच्या गप्प बसण्यात थोडी सुटका होती, हे मैमुनाला जाणवलं. छज्जा जमला नाही तर जायचा प्रश्नच मिटत होता. सूनही हरेल, हजही टळेल, आणि दोष कुणालाच नाही.

त्याने मात्र मैमुनाला चेव चढला.

बुरडआळीतली रुखमा सूप-टोपल्या घेऊन दारावर आली तेव्हा मैमुनाने तिला आत बोलावलं. रुखमाचे हात बांबूच्या कामट्यांनी चिरलेले, तोंडात सदा तंबाखू. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे लहान सूप पायजे तुमाले. डोक्शावर घ्याले. घेऊन येतो ना भाभी, त्यात काय?"

चार दिवसांनी ती घेऊन आली. खरंच एक चिमुकलं सूपच, बारीक कामट्यांचं, पापडासारखं हलकं, पुढे गोलसर निघालेलं. मैमुनाने त्याला पट्टा शिवला, वर कापड चढवलं. श्रावण चालू होता, गावाबाहेरच्या धानाच्या बांध्यांमध्ये रोवणी अजून उरकली नव्हती, आणि रस्त्याने चिखलाने माखलेल्या बायांचे थवे बोलत जात होते. अंगणात पाटावर बडी अम्मा बसली, समोर मैमुना, बाजूला रुखमा.

छज्जा कपाळावर चढला. कापड चेहऱ्यापासून वीतभर पुढे सुटलं. रुखमाने सुपाने वारा घालून पाहिला. कापड हललं, पण तोंडाला लागलं नाही. मैमुनाचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात बडी अम्मा वजूचा, नमाजाआधी हातपाय धुवायचा तांब्या उचलायला वाकली आणि अख्खा छज्जा घसरून नाकावर आला.

पट्टा घट्ट केला. पुन्हा वाकली, पुन्हा नाकावर. मैमुनाने कानाखालून दोरी घेतली, हनुवटीखाली गाठ मारली. पुन्हा तेच. आता रुखमालाही हसू आवरेना.

"अवं असं नाई वं, असं नाई!" बडी अम्मा एकदम कडाडली आणि तिने छज्जा डोक्यावरून ओढून हातात घेतला. "कानाखालून बांधून काय होते? पट्टा मांगं घे, मानीच्या खड्ड्यात. आन्‌ वजन मांगं पायजे, सामोर नाई. मांगं एक कामटी वाकवून लाव, म्हंजे बाई वाकली का ते मांगंच ओढते, डोये झाकत नाई. दिवसभर वाकाचं असते बाईले, घडी घडी कोन नीट करत बसन? हात तर चिखलात—"

ती थांबली.

बाहेरून रोवणीवाल्यांचं बोलणं तेवढं ऐकू येत होतं. रुखमाने तोंडातली तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात सारली.

"बडी अम्मा," ती सहज म्हणाली, "तुमी रोवणीत इरलं घेतलं हाये का वं कदी? रोवणीवाली बाईच सांगते असं."

बडी अम्माच्या हातात छज्जा तसाच होता. मैमुनाने त्या हातांकडे पाहिलं. तीन वर्षं ती या हातांना वाढत होती, या हातांवर मेंदी लावत होती, पण ते असे कधी पाहिले नव्हते. जाड पेरांचे, पसरट अंगठ्यांचे हात. हवेलीतल्या बाईचे हात असे नसतात. मग तिला सगळंच दिसलं. रागात निसटणारी बोली, 'बालाघाट की तरफ', आणि ती भीती. गावात एखादंच मुसलमानाचं घर असेल, जमीन नसेल, आणि ही पोरगी बाकीच्या पोरींबरोबर गुडघाभर चिखलात उघड्या तोंडाने रोपं लावत असेल. गोषा परवडायला घरात बसून खाणं परवडावं लागतं. लग्न झालं, पवनीला आली, आणि अंगावर शुभ्र कापड पडलं. ज्या कापडाकडे बघून मैमुनाला कधी कधी कोंडल्यासारखं वाटायचं, ते हिच्यासाठी चिखलातून बाहेर पडल्याचं लक्षण होतं. ते उतरवायचं म्हणजे पुन्हा तीच पोरगी व्हायचं. आजवर सासूचा तिला राग आला होता, धाक वाटला होता. माया आज पहिल्यांदा वाटली.

"तसं नाई, रुखमाबाई," मैमुना म्हणाली. झाडीची बोली ती मोडकीतोडकीच बोलायची. "अम्मी पाच वेळा नमाज पढतात. वाकाची सवय हाये त्यांले. म्हनून समजलं."

रुखमाने एकदा मैमुनाकडे पाहिलं, एकदा बडी अम्माकडे. मग ती कामटी सोलायला लागली. "हो, तसंच असन," ती म्हणाली आणि मागच्या वजनाची कामटी तिथेच बसून वाकवून दिली. छज्जा चढवून बडी अम्मा वाकली, बसली, उठली. तो जागचा हलला नाही.

त्या दिवशी सासूसुनेत त्यावर एक अक्षर झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मैमुना यंत्रावर बसली होती, तर बडी अम्मा आपला दोऱ्यांचा डबा घेऊन शेजारी येऊन बसली. "जाली मैं भरूँगी," ती म्हणाली. कापडात डोळ्यांपुढची जाळी तिने भरली, बारीक चांदण्यांची. कडा मैमुनाने शिवल्या. दोघींची डोकी एकाच कापडावर वाकलेली पाहून रऊफ दारातूनच मागे फिरला, म्हणाला, दुकानात काहीतरी राहिलंय.

पट्ट्याच्या आतल्या बाजूला, जिथे तो कपाळाला टेकतो तिथे, मैमुनाने लाल पट्टी लावली. मग वरून पांढरं अस्तर घेऊन तिने ती अर्धी झाकली. कुणाला दिसणार नव्हती. सासूला दिसली असती तर उसवायला लावली असती.

निघायचा दिवस आला. हजला जाणाऱ्याने निघण्यापूर्वी सगळ्यांची माफी मागायची असते. बोलण्यात, वागण्यात काही दुखावलं असेल तर 'कहा-सुना माफ' म्हणायचं. बडी अम्मा घरोघर फिरली. खैरूनला म्हणाली, तिच्या जावेला म्हणाली, रुखमा टोपल्या घेऊन वाटेत भेटली तर तिलाही म्हणाली. मैमुना घरी वाट बघत होती. तीन वर्षांत ऐकलेलं सगळं ती माफ करायला तयार होती. बडी अम्मा आली, पेटी बांधली, छज्जा फडक्यात गुंडाळून सगळ्यांत वर ठेवला. बसची वेळ झाली तेव्हा तिने मैमुनाच्या डोक्यावर हात ठेवला आणि काही न बोलता बाहेर पडली. पांढऱ्या चुण्या सळसळत बसमध्ये चढल्या आणि बस गेली. राहून गेलं असेल घाईत, असं मैमुनाने स्वतःला समजावलं. पण तिला वाईट वाटलं, आणि ते बरेच दिवस वाटत राहिलं.

जानेवारीत ते परत आले. थंडी होती, बसस्टँडवर मोहल्ला जमला होता. बडी अम्मा उतरली ती त्याच पांढऱ्या बुरख्यात, पायांनी थकलेली पण ताठ. गळाभेटी झाल्या, मिरवत घरी आणलं. घरात शिरल्यावर, पुरुष बाहेर ओट्यावर बसल्यावर, तिने बुरख्याची पुढची बाजू उचलून डोक्यामागे टाकली.

मैमुना पाणी घेऊन समोर उभी होती, ती बघतच राहिली. चाळीस वर्षं सावलीत राहिलेला तो चेहरा रापून तांब्यासारखा झाला होता. नाकाच्या शेंड्यावरची कातडी सोलून निघाली होती.

हे ऊन लागलं कुठे? छज्ज्याखाली ऊन लागत नाही. मैमुनाने सामान लावायच्या निमित्ताने पेटी उघडली. खजूर होता, जमजमच्या पाण्याचा डबा होता, तसबीच्या जपमाळा होत्या, तिच्यासाठी एक सुरम्याची दाणीही होती. छज्जा नव्हता. तिने पिशव्या पाहिल्या, वळकटी उलगडून पाहिली. रऊफला हळूच विचारलं, तर तो म्हणाला, "अम्मी से पूछो," आणि पाहुण्यांसाठी खुर्च्या आणायला गेला.

फेकला असेल, मैमुनाच्या मनात आलं. तिथे कुणी हसलं असेल, किंवा पट्टीचा लाल रंग दिसला असेल आणि समुद्रात टाकून दिला असेल. दुखवायचं तर तोंडावर तरी बोलायचं होतं. डोळे भरून येत होते म्हणून ती खजूर ताटात मांडत पाठमोरी बसून राहिली.

घर बायकांनी भरून गेलं. जमजम घोट घोट वाटलं गेलं. काबा पहिल्यांदा दिसला तेव्हा काय वाटलं, हे सगळ्यांनी विचारलं आणि बडी अम्माने अदबीच्या हिंदीत सांगितलं. मग खैरून, जिच्या पोटात काही राहत नाही, तिने विचारलंच. "बडी अम्मा, चेहरा किती काळवंडला तुमचा! आणि तो छज्जा? एवढा गाजावाजा करून बनवलेला?"

मैमुनाचे हात ताटात थांबले.

बडी अम्माने तोंडातली खजुराची बी काढून तळहातावर घेतली. मग ती बोलली आणि हिंदीत बोलली नाही.

"जहाजावर होती एक पोरगी. नवी नवरी, हैदराबादकडली. इहराम बांधाची वेळ आली, सांगतलं का आता तोंडाले कापड नाई लावाचं. तर थे भिंतीकडं तोंड करून बसली. जेवे ना, बोले ना. नवरा समजावून राहिला, रडून राहिली. कायचा हज होते वं अश्यानं? दोन दिवस पायलं म्या. मंग माह्या डोक्शावरचा काढला आन्‌ तिच्या डोक्शावर ठेवला."

"देऊन टाकला?" खैरूनचा आ वासला. "मग तुम्ही?"

"मी उघडी."

"इतक्या माणसांत? शरम नाही वाटली, बडी अम्मा?"

"वाटली ना. पयल्या दिवशी पायच उचलेना. मंग म्हंतलं, बिस्मिल्ला, तिची तर पयलीच बारी हाये. तुह्यी काय पयली हाये?" तिने मान वर केली आणि जमलेल्या सगळ्या बायकांकडे एकदा पाहिलं. "मी बपेऱ्याची वं. एकच घर होतं आमचं गावात. लोकाच्या बांधीत रोवणी केली म्या, लगन होयेपर्यंत. उघड्या तोंडानं, गुडघाभर गाऱ्यात. मले सवय होती. तिले नोती."

खैरूननेसुद्धा तोंड मिटलं. चाळीस वर्षं उभी असलेली बालाघाटची हवेली त्या खोलीत कोसळली होती, आणि जिने ती बांधली तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. रापलेला चेहरा स्वस्थ होता. मग कुणीतरी उठून तिचे हात डोळ्यांना लावले, दुसरी उठली, तिसरी उठली. बायका एकेक करून गेल्या, आणि घरात दोघीच उरल्या.

मैमुना अजून पाठमोरीच होती. मघापासून धरून ठेवलेलं रडू आता तिच्या आवरण्यापलीकडे गेलं होतं.

"दुल्हन," बडी अम्मा म्हणाली, "इकडं ये."

ती आली, समोर बसली.

"त्या पोरीनं इच्यारलं, कोनी शिवलं म्हनून. सांगतलं, माह्या सुनेनं. सारं जहाज पाहाले येत होतं." बडी अम्माने हातातली बी ताटाच्या कडेला ठेवली. "रुखमानं इच्यारलं त्या दिवशी तू माही लाज झाकली. आन्‌ जातानी म्या गावभर माफी मांगतली, तुले नाई मांगतली. तोंडच उघडेना तुह्यासामोर. कहा-सुना माफ कर, बेटा."

मैमुनाने मान हलवली.

"आन्‌ थे आतली लाल पट्टी. मले नाई दिसली असं वाटलं का तुले?"

मैमुना दचकली. "अम्मी, मैं—"

"जहाजावर राती अस्तर वर करून पायत होती मी. घरची याद आली का पाहाचं." बडी अम्माने अंगावरचा पांढरा बुरखा उतरवला, घडी घातली आणि तिच्या मांडीवर ठेवला. प्रवासाने तो मळला होता, खालची किनार विरली होती. "हा आता झिजला. नवा शिव. पांढराच पायजे, जुन्याच चालीचा, मले तुहा कोटबिट काई नोको. पन पट्टी लाव."

"कहाँ लगाऊँ?"

"आतून," बडी अम्मा म्हणाली. "मले दिसन अशी."